कानिफचा कल

— नाही नाही, असा उन्हात उभा राहू नकोस. आत ये म्हणायला माझी काही हरकत नाही सहादेव, तुला माहीत आहे मी तसला माणूस नव्हे, पण आत वर्ग चाललाय, पोरांचं लक्ष उडतं. इथं पायरीवर बस. सावली आहे. हं. टोपी कशाला काढतोस, राहू दे. खडी फोडायच्या कामावरून थेट आलास ना? दिसतंयच, भुवया पांढऱ्या झाल्यात धुळीनं. खाडा पडला असेल आजचा. संध्याकाळी आला असतास तरी चाललं असतं — बरं, आलास ते एका परीनं बरंच झालं, मीच निरोप धाडणार होतो. तर तुझं म्हणणं मी ऐकलं. रविवारी कानिफला जामखेडला न्यावं, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला. नगरला प्रदर्शनाला नेऊ नये. एवढंच ना? एवढंच. आता माझं ऐक. सगळं नीट ऐक, म्हणजे तूच म्हणशील, गुरुजी, नगरलाच न्या.

मुळात ही योजना काय आहे ते तुला कुणी सांगितलंच नसेल. गेल्या मे महिन्यात नगरला आमचं शिबिर झालं. उकाडा असा की फळ्याला हात लावला तर चटका बसावा, आणि आम्ही सगळे म्हातारे हेडमास्तर बाकांवर पोरांसारखे बसलेले. शिकवायला पुण्याच्या एक बाई आल्या होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, प्रत्येक मूल वेगळं असतं, एकाच मापाचा सदरा सगळ्यांच्या अंगात घालू नका. मुलाचा कल ओळखा, त्याला त्याच्या वाटेनं शिकू द्या, म्हणजे शाळेत कशाला यायचं ते त्याला आपोआप कळेल. सहादेव, खोटं वाटेल तुला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला लहानपणी पावकी येत नव्हती म्हणून मास्तरांनी दिवसभर कोंबडा करून ठेवलं होतं, भर पावसात. मला शाळा कशाला हवी होती ते मला कुणीही विचारलं नाही. आणि मास्तर झाल्यावर मीही कुणाला विचारलं नाही. ते त्या दिवशी लक्षात आलं. म्हटलं, निवृत्तीला वर्ष राहिलंय, निदान एवढं तरी करून जाऊ.

म्हणून जूनमध्ये शाळा भरली तसं मी केलं काय — एकेकाला जवळ बोलावलं आणि विचारलं, तू शाळेत कशाला येतोस? किती साधा प्रश्न! आता पाऊस नव्हताच, तो पुढंही आला नाही, अर्धी पोरं तुमच्याबरोबर खडीवर, उरली ती इथं. आणि सगळ्यांचं एकच उत्तर. "सुकडीला, गुर्जी." पहिलीतलं पोर तेच म्हणतंय, सातवीतलं तेच. एकीनं तर विचारलं, "गुर्जी, आज लई मिळंल का?" मी म्हटलं, अरे, ती दुपारची खायची सुकडी सोडून काही सांगा. हे काय लिहिणार मी योजनेच्या तक्त्यात? कल : सुकडी?

तुझा कानिफ शेवटी आला. तो मात्र म्हणाला, "मला नकाशा काढायचाय." मी म्हटलं, कसला रे? तर म्हणे, तळ्याच्या कामावर तो तुझी भाकरी घेऊन आला होता, तेव्हा साहेबांनी जीपच्या पुढच्या पत्र्यावर निळा कागद पसरला होता. यानं तो वाकून वाकून पाहिला. "त्यात गाव हाय, देऊळ हाय, वढा हाय. आमची वस्तीच न्हाई. मी काढनार हाय." वर्ग खो खो हसला. मीही हसलो, कौतुकानं हसलो हं, टिंगल नाही. वस्ती नकाशात नाही म्हणून स्वतः नकाशा काढणार — बारा-तेरा वर्षांचं पोर! मग लिहायची वेळ आली. तक्त्यात नकाशाचं घरच नाही. घरं कसली, तर भाषा, गणित, हस्तकौशल्य, गृहकृत्य, शेती, पशुपालन. मी विचार केला, नकाशा हातानंच काढतात ना? मग हस्तकौशल्य. आणि हस्तकौशल्य म्हटलं की आपल्याकडे, बाबा, सोय काय आहे? सुतारकाम नाही, विणकाम नाही. माळावर केकताड मात्र दुष्काळातही उभं. केकताडाची पानं कुजवावीत, त्यांच्या धाग्यांचा वाख काढावा, दोर वळावा. आणि तुमच्या घराण्याचं ते पहिल्यापासूनचं. असं एकातून एक ते होत गेलं. त्यात कुणाचा काही वाईट हेतू होता असं नाही.

आणि हे एकट्या कानिफचं नाही. प्रत्येकाचं त्याच्या त्याच्या कलाप्रमाणं. तो धनगराचा गहिनी — म्हणजे, ज्याच्या घरी मेंढ्या आहेत तो गहिनी. मी या शाळेत जातीचं नाव काढू देत नाही, तुला माहीत आहे. आम्ही 'परंपरागत कौशल्य' म्हणतो. तर गहिनीला मी मेंढ्यांवर गणित शिकवलं. किती कोकरं झाली, किती मेली, किती दिवस चारा पुरेल. आणि सांगतो तुला, जो पोरगा वर्षभर बेरजेला रडत होता तो पंधरा दिवसांत भागाकार करायला लागला! रात्री घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, पुष्पावती, मला शिकवता येतं गं. आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं. — मग चारा संपला, मेंढ्या घाटाखाली गेल्या, त्यांच्याबरोबर गहिनीही. गेला तो गेला. छबूचा कल गृहकृत्याकडे, ती आमच्या घरी येते दुपारची, पाणी भरते, भांडी घासते, पोळ्या लाटायला शिकलीय. श्रीमंतराव सरपंचांचा मच्छिंद्र, त्याचा कल अभ्यासाकडे. गणितात जरा मागं आहे, पण कल अभ्यासाकडे. घरचं वातावरणच तसं.

कानिफचं म्हणशील तर ते त्याच्या रक्तातच आहे. शिकवावं लागत नाही. बोटं बघ त्याची कशी चालतात, वाखाचा पेड हातात घेतला की — काय? मोठ्यानं बोल, असं तोंडात नको. तुझ्या घरी दोर वळतच नाहीत? ठाऊक आहे मला. तू कधीच सोडलंस ते, पोरगं झालं त्याच दिवशी दोर वळायचं सगळं सामान म्हणे चुलीत घातलंस. गावात सगळ्यांना माहीत आहे. मला तेव्हाही वाटलं होतं, हा अविचार झाला. बापजाद्यांची कला अशी जाळतात का? आता बघ, त्यामुळं मला केवढी खटपट पडली! पोराला पेड कसा धरायचा इथपासून काही म्हणजे काही येत नव्हतं. शेवटी तुमच्या वस्तीवरच्या आसारामला बोलावलं, म्हाताऱ्याला, दिसत नाही धड, तरी आला बिचारा. महिनाभर शिकवलं त्यानं. पहिले आठ दिवस कानिफच्या तळव्यांची सालं निघाली, वाख लागतो ना, खाज सुटते, रक्त यायचं. पण पोरगं हुशार, काहीही दिलं तरी उचलतं. आता आसारामपेक्षा सफाईदार वळतो — म्हणजे ते रक्तात होतंच, शिकवलं म्हणून फक्त वर आलं. असं म्हणायचंय मला. तू उगाच शब्दात पकडू नकोस.

आणि कुणी बळजबरी करतं असं तुझ्या मनात कुणी भरवलं असेल तर ते डोक्यातून काढून टाक. किती आवडीनं करतो! सकाळी आला की त्या लिंबाखाली बसतो, माझ्याही आधी. किती भराभर! मी त्याला सांगून ठेवलंय, रोजचा पाच हात दोर पुरा झाला की उरलेल्या वेळात वर्गात येऊन बस, कुणी अडवणार नाही. तर हा असला सपाटा लावतो की दहाच्या आत मोकळा! धापा टाकत दारात. "झालं गुर्जी. बसू?" म्हणून मग मी पाचाचा सात हात केला. म्हटलं, एवढी गती आहे तर वाढू द्यावी. कधीकधी पुरा होत नाही त्याचा, तेव्हा खिडकीखाली बसून वळत वळत ऐकतो. परवा काय झालं, मच्छिंद्र फळ्याशी, व्यवहारी अपूर्णांक, घाम फुटलेला, आणि बाहेरून आवाज — "खालचे आधी सारखे कर की." सगळा वर्ग खिडकीकडे! मी रागावलो. रागवावंच लागतं. ज्याचं त्यानं करावं, एवढीच तर योजना आहे.

एक गंमत सांगतो तुला. गेल्या महिन्यात मी जामखेडला मीटिंगला गेलो होतो. परत येऊन बघतो तर ह्या एवढ्या मोठ्या पटांगणात दोरच दोर. यानं दोन महिन्यांचा सगळा दोर आणून जमिनीवर मांडलेला. हाताहातावर गाठी मारलेल्या, मोजायला. म्हटलं हे काय? तर म्हणे गाव. इकडे वेस, इकडे देवळाचं दगडी जोतं म्हणून एक चपटा धोंडा, ओढा असा वळणावळणानं. आणि ओढ्यापलीकडे तुमची वस्ती, घराघराची जागा, तुझं खोपटं कोपऱ्यात, सगळं. पावलं मोजून मोजून आणलं होतं त्यानं, आठ दिवस. मी चाललो त्यातून. वेशीपासून तुमच्या वस्तीपर्यंत चाललो, त्या दोराच्या कडेनं. अंतरं बरोबर होती रे. मला माहीत आहे ना गाव. अगदी — क्षणभर मला काय वाटलं ते — ते जाऊ दे. दोर मातीत मळत होता, तो प्रदर्शनाचा दोर. म्हटलं, गुंडाळ. त्यानं गुंडाळला. सगळ्या गाठी सोडत बसला संध्याकाळपर्यंत. गाठींचा दोर कोण मांडणार तिथं?

त्यातलाच एक दोर आपल्या शाळेच्या विहिरीवर आहे. पाणी इतकं खाली गेलंय की जुना पुरेना. आता तू असा बघतोस म्हणून सांगतो, मलाही ते दिसतं, मी आंधळा नाही. तुमच्या माणसांनी काठावर चढायचं नाही ही गावाची रीत आहे, मी काढलेली नव्हे. दोराचं काही नाही, दोर चालतो. आणि वरून ओतून देतोच ना आम्ही? कधी नाही म्हटलंय? पोराला तर मी स्वतः ओततो, ओंजळ धरली की. तोही बिचारा हसत पितो, म्हणतो, "माजा दोर लई लांब झाला गुर्जी."

हं, रविवारचं. प्रदर्शन रविवारी आणि परीक्षाही रविवारी, याला मी काय करणार? प्रदर्शन तसं तीन दिवसांचं आहे, शनिवार ते सोमवार. शाळांना दिवस निवडायला सांगितला होता. मी रविवार घेतला. कारण पाहुणे साहेब रविवारी येणार. बाकीचे दोन दिवस कोण फिरकतं? मांडवात कानिफ बसलेला, पुढं वाख, हात चाललेत, मागं पाटी — 'मुलांचा कल ओळखणारी शाळा'. साहेब थांबणारच. थांबतील, विचारतील, कुणी केलं हे? सहादेव, मला पुरस्काराची हाव नाही. पण एवढी वर्षं ह्या कोरड्या माळावर काढली, एकदा कुणीतरी साहेबानं थांबून विचारावं, एवढंसुद्धा मागू नये का माणसानं? माझा धाकटा केडगावला खोली करून राहतो, इंजिनियरीला जायचंय त्याला, तोही येणार आहे बघायला. मी त्याच्याकडे उतरेन. कानिफची सोय मांडवातच आहे, घोंगडं मात्र दे त्याच्याबरोबर.

दुसऱ्या मुलाला न्या? कुणाला? मच्छिंद्रला? मच्छिंद्रला दोर वळायला बसवू मी, श्रीमंतरावांच्या पोराला? काय बोलतोस! आणि मच्छिंद्र परीक्षेला बसतोय. आपल्या शाळेतून तोच एक बसतोय. होय, कानिफचंही नाव गेलं होतं, परीक्षेचा नंबरही आलाय त्याचा, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. खोटं कशाला बोलू? पण विचार कर. दोघं एका बाकावर बसणार, एक पास होणार आणि एक — उद्या गावात काय बोलतील? श्रीमंतराव मला काही म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणाले, गुरुजी, तुमची योजना फार चांगली आहे, ज्याला त्याला त्याच्या जागी ठेवते. स्तुतीच केली त्यांनी. पण मी रात्री झोपलो नाही. बाईंनी असं नव्हतं सांगितलं. बाईंनी नेमकं काय सांगितलं होतं ते आठवत पडलो. वही उघडून बघितली. कल, गती, वाट. तेच शब्द आहेत की सगळे.

तू स्वतः घेऊन जाशील जामखेडला? चालत? जा की. कुणी धरलंय? पण नंबर माझ्याकडे, ओळख पटवायला शाळेचा माणूस लागतो, तो माणूस मी, आणि मी नगरला. दारातून परत येशील. आणि रविवारी तू कामावर नसलास तर मुकादम हजेरीपटावर नाव ठेवेल का पुन्हा? मुकादम श्रीमंतरावांचा भाचा. धमकी नाही ही, मी तुला वडीलकीनं सांगतोय. घरात तिघं खाणारी, गावात दुसरं काम नाही, आभाळात ढग नाही. कशाच्या जोरावर भांडणार आहेस? आणि समजा बसला परीक्षेला, समजा पासही झाला — पास तो होईलच, त्याची मला खात्री आहे, माझ्या सबंध नोकरीत असं पोर — पण पुढं काय? कुठं राहील, काय खाईल, कोण त्याला टेबलाशी बसवून नकाशा काढायला देईल? आज ना उद्या त्याचं मन मोडणारच आहे. मग ते इथंच, आपल्या माणसांत, हळूहळू मोडलेलं काय वाईट? निदान हातात काहीतरी राहील त्याच्या.

बोल की आता. मघापासून मीच बोलतोय. बोल, माझ्यावर विश्वास नाही तुझा? बरं, माझं सोड. पोराला विचारू. योजना त्याच्यासाठी, मग त्यालाच विचारलं पाहिजे, हो की नाही? बाईंनी तेच सांगितलं होतं, मुलाला विचारा. कानिफ! ए कानिफ! ठेव तो दोर, इकडे ये. हा बघ, आला. उभा राहा असा, समोर. हात खाली. घाबरू नकोस, रागावणार नाही कुणी. आता ह्यांना सांग बघू, मनापासून सांग, मी काही सुचवत नाही — तुला काय आवडतं? मोठं होऊन तुला काय करायचंय? — अरे बोल. वर बघून बोल. काल म्हणत होतास ना छान. हं —

"मला माझ्या वडिलांचा व्यवसाय आवडतो, साहेब."

— ऐकलंस? ऐकलंस सहादेव? किती स्पष्ट बोलला! 'व्यवसाय' म्हणाला, एरवी 'येवसाय' म्हणायचा, महिनाभर घोटून — फक्त, अरे, साहेब नाही म्हणायचं इथं. साहेब रविवारी. हे साहेब नाहीत, हा बाप आहे तुझा. बापाला कुणी साहेब म्हणतं का? बघ की त्याच्याकडे. असा समोर काय बघतोस भिंतीसारखा? पुन्हा म्हण, साहेब सोडून. — म्हण की. — राहू दे. सवयीनं गेलं तोंडातून. सहादेव, पोरंच ती, पाठ केलं की तसंच्या तसं येतं —

का उठलास? अरे, रागावून काय होणार आहे? रागावला नाहीस? मग बोल काहीतरी. शिवी दे हवं तर, पण असा — बरं. जा. मुकादमाला सांग गुरुजींनी बोलावलं होतं, खाडा धरणार नाही. आणि शनिवारी पहाटेच्या गाडीला सोड त्याला. सदरा धुवायला लावू नकोस बायकोला, नवा कुणाचा मागूही नकोस. रोजचाच दे. खांद्यावर फाटलाय तोच. मांडवात तो बरा दिसतो.

कानिफ, तू कुठं निघालास त्याच्या मागं? इकडे ये. सात हात झाला का तुझा?

मग. बस खाली.